मुक्त संहिता आणि तिची निवासस्थाने

मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झालेली संगणकीय आज्ञावली कोणीही नकलावी, सुधारावी आणि वाटावी, असा तिच्या कर्त्यांचा संकल्प असतो. परंतु ती ज्या घरी ठेवली जाते ते घर कोणाचे, हा प्रश्न परवान्याच्या कक्षेत येत नाही. गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास पाहता हा दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

१९९९ साली व्हीए लिनक्स सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने सोर्सफोर्ज हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे अशा प्रकल्पांना विनामूल्य जागा मिळे. ते स्थळ चालविणारी आज्ञावलीही प्रारंभी मुक्त होती. २००१ साली कंपनीने पुढील विकास बंदिस्त केला. तत्पूर्वीच्या मुक्त आवृत्तीवरून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या आश्रयाखालील सव्हाना उभे राहिले. पुढे जिंप या चित्रसंपादन-आज्ञावलीचे कर्ते २०१३ साली सोर्सफोर्ज सोडून गेले. तरीही २०१५ साली तेथून त्यांच्या कृतीची, जाहिराती जोडलेली प्रत वाटली गेल्याचे उघड झाले. २०१६ साली नव्या मालकांनी ही प्रथा बंद केली.

लिनक्सच्या गाभ्याचे काम २००२ पासून बिटकीपर या खाजगी साधनावर चाले. २००५ साली मालकांनी विनामूल्य वापराची सवलत काढून घेतली, तेव्हा लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी गिटची रचना केली. गिटमध्ये सामान्यतः प्रत्येक प्रतीबरोबर संहितेचा संपूर्ण इतिहासही नकलला जातो. साहजिकच एक घर पडले तरी ग्रंथ उरतो.

तथापि याच गिटच्या आधारावर २००८ साली गिटहब हे खाजगी स्थळ उदयास आले आणि बहुसंख्य प्रकल्प तेथे एकवटले. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ते ७.५ अब्ज डॉलरला विकत घेतले. २०१९ साली अमेरिकन निर्बंधांमुळे इराण, सीरिया व क्रिमिया येथील वापरकर्त्यांच्या सेवांवर मर्यादा आली. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. जुन्या पोथीची संहिता अनेक नकलांत टिकते, परंतु समासातील टिपा बहुधा एकाच प्रतीत राहतात. त्याचप्रमाणे संहिता गिटबरोबर सर्वत्र जाते. दोषांच्या नोंदी, सूचना व वादविवाद मात्र यजमानाच्या घरीच राहतात. ते अन्यत्र नेता येतात, पण कष्टाने.

यजमानाची आज्ञावली मुक्त असणे हाही पुरेसा उपाय नव्हे. गिटोरियसची आज्ञावली मुक्त होती. तरी एका प्रतिस्पर्धी कंपनीने ते विकत घेतल्यावर २०१५ साली ते बंद पडले. गुगलसारख्या धनाढ्य कंपनीचे गुगल कोडही २०१६ साली बंद झाले. बर्लिन येथील कोडबर्ग ही २०१८ साली स्थापन झालेली नोंदणीकृत संस्था या अनुभवाला निराळे उत्तर देते. ती सभासदांची असून वर्गणी व देणग्यांवर चालते. अशा संस्थेची साधने तुटपुंजी असतात, हे मान्य केले पाहिजे; परंतु तिचा सौदा परस्पर होऊ शकत नाही.

तात्पर्य, परवाना संहितेचे रक्षण करतो. तिच्याभोवती जमलेल्या विचारधनाचे रक्षण घराच्या मालकीवर अवलंबून असते.