लॉर्ड सिन्हांचा वारस

सातारा, झाशी, नागपूर ही नावे एका दमात घेतली की डलहौसी आठवतो. पोटचा मुलगा नाही, दत्तक आम्हांला मान्य नाही, सबब राज्य खालसा, हे त्याचे सूत्र आपण शाळेत पाठ केले. पुढची गोष्ट मात्र शाळेच्या पुस्तकात नसते. पंजाब घेतल्यावर १८४९ मध्ये राणीने या डलहौसीला मार्क्विस केले. १८६० मध्ये तो वारला तेव्हा त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. मार्क्विसपद त्याच्याबरोबरच संपले. दत्तक घेऊन ते वाचवण्याची सोय नव्हती, कारण ब्रिटिश सरदारकी दत्तकाकडे जातच नाही. आमच्या संस्थानिकांना त्याने जो नियम लावला तो त्याच्या घरचाच होता म्हणायचा.

गंमत अशी, की त्याच माणसाचा दुसरा किताब, स्कॉटलंडमधले जुने अर्लपद, बुडाले नाही. ते एका चुलत भावाकडे गेले आणि पुढे चालू राहिले. माणूस एक, मृत्यू एक, पण एक किताब खालसा आणि दुसरा भाऊबंदांकडे. असे का? तर दोन्हींची वाट वेगवेगळी लिहिलेली होती. इंग्रजांच्या सरदारकीचे सगळे रहस्य या लिहिण्यात आहे. ती घरादारासारखी किंवा शेतीभातीसारखी वाटली जात नाही, मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही, विकता येत नाही. राजाने दिलेल्या सनदेत वारसाचे जे वर्णन असेल त्यात जो बसेल तो वारस. बहुतेक सनदांत शब्द असतात ते असे: किताब घेणाऱ्याच्या ‘देहापासून’ झालेले ‘औरस’ ‘पुरुष’ वारस. सरकारी कचेरीत ज्याची हयात गेली त्याला एका शब्दाची किंमत सांगायला नको. पण या तीन शब्दांनी इंग्लंडात जे घडवले ते वाचून मीही चाट पडलो.

आधी ‘देहापासून’ हा शब्द घेऊ. आठव्या हेन्रीच्या काळात एडवर्ड कोर्टनी नावाचा एक पोरगा होता. बापाचा शिरच्छेद झाला आणि हा लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत पडला, तो जवळजवळ पंधरा वर्षे. मेरी राणी १५५३ मध्ये गादीवर आली, तिने त्याला सोडले आणि डेव्हनचा अर्ल केले. ती त्याच्याशी लग्न करील अशीही बोलवा होती. ते काही झाले नाही. १५५६ मध्ये तो इटलीत पादुआ येथे अविवाहित वारला. अर्लपद संपले असे सगळ्यांनी धरून चालले.

पण मेरीच्या सनदेत नुसते ‘पुरुष वारस’ एवढेच लिहिले होते. ‘त्याच्या देहापासून झालेले’ हे शब्दच नव्हते! सनद लिहिणाऱ्याकडून ते राहून गेले की मुद्दाम गाळले, कोण जाणे. पुढे जवळजवळ पावणेतीनशे वर्षे हे प्रकरण तसेच पडून राहिले. त्या घराण्याची दुसरी एक शाखा पॉवडरहॅमच्या वाड्यात नांदत होती. तिचा आणि एडवर्डचा समाईक पूर्वज १३७७ मध्ये वारलेला. म्हणजे आपल्याकडे सुतकसुद्धा लागणार नाही इतके लांबचे नाते. त्या शाखेचा प्रमुख विल्यम कोर्टनी जुन्या बदनामीमुळे पॅरिसला जाऊन राहिला होता. त्याचा एक चुलतभाऊ पार्लमेंटच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होता. या कचेरीतल्या माणसाने सनदेतली ती उणीव हेरली आणि दावा पुढे रेटला. १८३१ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो मान्य केला. सनदेत ‘देहापासून’ नाही, तेव्हा कोणताही पुरुष भाऊबंद चालेल असा निर्णय झाला.

पॅरिसचा विल्यम डेव्हनचा ‘नववा’ अर्ल ठरला. पहिला एडवर्ड, मग मधले सात कोण? मधल्या काळात जे पूर्वज जन्मले आणि मेले ते सगळे आपोआप अर्ल मोजले गेले. बिचाऱ्यांना हयातभर त्याचा पत्ता नव्हता. चार वर्षांनी विल्यम निपुत्रिक वारला आणि दहावा अर्ल कोण झाला असेल? तो कचेरीतलाच चुलतभाऊ! त्याने हे सगळे निव्वळ कुळाच्या अभिमानापोटी केले असेल यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

‘पुरुष’ या शब्दाबद्दल फार लिहीत नाही. माउंटबॅटनला मुलीच होत्या म्हणून त्याच्या सनदेत मुलीकडे किताब जाण्याची खास तरतूद केली होती आणि १९७९ मध्ये त्याची थोरली मुलगी त्या किताबाची धनीण झाली. अशी तरतूद नसेल तर बहुतेक किताबांत मुलगी घरात असली तरी किताब दूरच्या पुतण्याकडे जातो. २०१३ च्या कायद्याने राजगादीसाठी मुलगा-मुलगी भेद काढला, पण सरदारक्यांना हात लावला नाही. मुलीला मुलाइतकाच वाटा देणाऱ्या कायद्याखाली दीडशे वर्षे काढलेल्या आम्हा गोवेकरांना हे जरा विचित्रच वाटते.

आता राहिला ‘औरस’. कायदेशीर लग्नातून झालेला. पण कोणत्या कायद्याने? हा प्रश्न इंग्लंडात एका बंगाली घराण्यामुळे उभा राहिला, आणि मला या सगळ्या विषयात ओढले ते याच प्रकरणाने.

बीरभूम जिल्ह्यातले रायपूर (छत्तीसगडचे नव्हे) हे सिन्हांचे गाव. शांतिनिकेतनची जमीन देवेंद्रनाथ ठाकुरांनी याच रायपूरच्या जमीनदारांकडून घेतली. या कुळात १८६३ मध्ये सत्येंद्र प्रसन्न सिन्हा जन्मले. विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले, १९०९ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले पहिले हिंदी सभासद झाले, १९१५ मध्ये मुंबईच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९१९ मध्ये माँटेग्यूच्या सुधारणांचे बिल पार्लमेंटात यायचे होते. सिन्हा भारतमंत्र्यांच्या खात्यात उपमंत्री झाले आणि लॉर्ड्सच्या सभागृहात ते बिल त्यांनी सांभाळले. त्या सभागृहात बसायचे तर लॉर्ड व्हायला हवे. हयातीपुरती सरदारकी सर्रास देण्याचा कायदा १९५८ चा, तेव्हा तो नव्हता. पोर्तुगालचा राजा एका हयातीसाठी किंवा दोन हयातींसाठी असे किताब मोजून देत असे. इंग्रजांकडे ती पद्धत नव्हती. त्यामुळे एका बिलाच्या निमित्ताने गरज लागलेल्या माणसाला वंशपरंपरेची सनद मिळाली: रायपूरचे बॅरन सिन्हा. वंशपरंपरेने चालणारी सरदारकी मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ, आणि तेच शेवटचे.

१९२८ मध्ये ते वारले. थोरले चिरंजीव अरुणकुमार यांनी आपली जागा मागितली. तेव्हा अडचण निघाली ती ही, की तुमच्या आईवडिलांचे लग्न इंग्रजी कायद्याच्या अर्थाने लग्न आहे काय?

सिन्हांचे लग्न १८८० मध्ये, त्यांच्या सतराव्या वर्षी, गोविंदमोहिनी यांच्याशी हिंदू रीतीने झाले होते. त्यांनी दुसरी बायको कधी केली नाही. पण हिंदू कायद्याने ती करता आली असती, आणि इंग्रजी न्यायाधीशांना तेवढे पुरेसे होते. एक पुरुष आणि एक स्त्री यांचे, दुसऱ्या कुणाला वाव नसलेले बंधन म्हणजे लग्न, अशी व्याख्या तिकडे १८६६ पासून पक्की होती, तीही एका मॉर्मन जोडप्याच्या खटल्यात झालेली.

इथे आपला गोवा आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच १८८० सालच्या डिसेंबरात गोव्यातील हिंदूंच्या रूढी-परंपरांची संहिता पोर्तुगीज सरकारने काढली. तिच्यात हिंदू पुरुषाला ठरावीक परिस्थितीत, उदाहरणार्थ पत्नी पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूलच झाले नाही तर, दुसरे लग्न करण्याची मुभा होती. म्हणजे त्या साली आपल्या पणजोबांचे लग्न झाले असते, तर लॉर्ड्सपुढे त्याचीही हीच गत झाली असती. पोर्तुगीजांनी निदान मुभा केव्हा आणि किती ते कागदावर मोजून ठेवले होते. बंगालमध्ये तसली मोजणीच नव्हती.

निर्णय १९३९ मध्ये लागला. वडील गेल्यावर अकरा वर्षांनी! लॉर्ड चॅन्सेलर मॉम यांनी सांगितलेले कारण वाचण्यासारखे आहे. हिंदुस्थानातले हिंदू लग्न इंग्लंडची न्यायालये मानतात, त्याची मुले औरस धरतात, ती इस्टेटही घेऊ शकतात, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पैसाअडका, मालमत्ता यांत फारशी अडचण नाही. अडचण सरदारकीची. समजा दोन बायका आहेत आणि धाकटीला मुलगा आधी झाला, थोरलीला मागून, तर लॉर्ड कोण? इंग्रजी वारसाकायद्यात याचे उत्तरच नाही. (आपल्या सरदारघराण्यांत या प्रश्नावरून काय काय झाले ते मराठी वाचकाला सांगायला नको.)

मग सिन्हा सुटले कसे? लग्नानंतर, पण अरुणकुमारांचा १८८७ मध्ये जन्म होण्यापूर्वी, हे पतिपत्नी साधारण ब्राह्म समाजात गेले होते. आपल्याकडच्या प्रार्थना समाजाचा हा बंगाली भाऊबंद. त्याच्या नियमात एकपत्नीव्रत होते. तेव्हा लग्न लागताना कसेही असो, मुलगा जन्मला तेव्हा ते एकपत्नी विवाह झाले होते, असे ठरले आणि अरुणकुमार दुसरे बॅरन सिन्हा झाले.

मला यातले खटकते ते हे. हा गृहस्थ जन्मभर एका बायकोशी राहिला. पण किताब वाचला तो त्या वागणुकीने नव्हे, समाज बदलल्याने. ते ब्राह्म झाले नसते तर काय, या प्रश्नाचे उत्तर समितीने दिले नाही. साम्राज्याने हिंदी माणसाला आपल्या वरिष्ठ सभागृहात बसवले, पण सनद लिहिताना नजरेपुढे कुटुंब होते ते इंग्रजी. विशेष म्हणजे मॉम यांच्या त्याच विवेचनाचा आधार पुढे १९४६ मध्ये एका खटल्यात घेतला गेला. हिंदुस्थानात हिंदू रीतीने लग्न केलेल्या माणसाने लंडनला दुसरे लग्न लावले होते. पहिले लग्न खरेच लग्न आहे, म्हणून दुसरे रद्द, असा निकाल लागला.

अरुणकुमार १९६७ मध्ये वारले. किताब मुलाकडे गेला, १९८९ मध्ये नातवाकडे. १९९२ मध्ये तो नातू मागे पुरुष वारस न ठेवता गेला, तेव्हा सनदेप्रमाणे किताब उलटा वर चढून त्याच्या काकांकडे आला, आणि १९९९ मध्ये काकांच्या मुलाकडे. त्याच १९९९ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून, ९२ जण तेवढे ठेवून, बाकी सगळ्या वंशपरंपरागत लॉर्डांचा सभागृहात बसण्याचा हक्क काढून घेतला. नाव मात्र काढून घेतलेले नाही. ‘रायपूरचे बॅरन सिन्हा’ हा किताब अजून त्याच तीन शब्दांच्या वाटेने चालला आहे.