मांसल कोंबड्या : वय, लिंग आणि नफा

मांसल कोंबडीपालनात एकूण खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश वाटा खाद्याचा असतो. म्हणूनच पक्षी किती दिवस पाळला आणि तो नर की मादी, यावर बॅचचा नफा बऱ्याच अंशी ठरतो.

वय : सुमारे 40 ग्रॅमचे एकदिवसीय पिल्लू सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जाते. मात्र शरीर जसे वाढते, तसे ते नुसते सांभाळण्यासाठीच अधिक खाद्य लागते. एक किलो वजनवाढीसाठी पाचव्या आठवड्यापर्यंत सरासरी दीड-पावणेदोन किलो खाद्य पुरते. पुढे हे प्रमाण चढत जाते आणि मरतुकीची जोखीमही वाढते. उलट, फार लवकर विक्री केल्यास पिल्लाची किंमत, लसीकरण व ब्रूडिंगचा (पिल्लांना ऊब देण्याचा) खर्च थोड्याच वजनावर पडतो. एका दिवसाच्या खाद्याचा खर्च त्या दिवशी वाढलेल्या वजनाच्या किमतीइतका झाला, की पक्षी विकणे योग्य.

लिंग : नर वेगाने वाढतात, खाद्याचा उपयोगही चांगला करतात. सहाव्या आठवड्यात ते माद्यांपेक्षा सुमारे 15 टक्के वजनदार असतात. माद्यांची वाढ आधी मंदावते, चरबी लवकर साठते.

त्यामुळे अमेरिकेतील काही उत्पादक नर-मादी वेगळे वाढवतात. विशिष्ट संकरांत एकदिवसीय मादी पिल्लांची पंखांची मुख्य पिसे वरच्या आच्छादक पिसांपेक्षा लांब असतात. त्यावरून नर-मादी ओळखून वेगळे केले जातात. माद्या लवकर विकून नर जास्त वजनापर्यंत ठेवता येतात. भारतात मिश्र कळपच रूढ आहेत. तंदुरीसाठी हॉटेलांना लहान पक्षी लागतात, तिथे कमी वजनाच्या माद्याही खपतात.