शासकीय लाकूडखरेदी आणि वनसंवर्धन : आज्ञापत्रापासून वनप्रमाणीकरणापर्यंत

प्रस्तावना

वनांच्या इतिहासाचा विचार करताना शासनाकडे प्रामुख्याने वनांचा मालक किंवा रक्षक म्हणून पाहिले जाते. शासन हे लाकडाचे मोठे ग्राहकही असते, ही बाजू मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिली आहे. आरमाराची गलबते, किल्ल्यांवरील इमारती, रेल्वेमार्गाखालील स्लीपर, कचेऱ्यांची दारे आणि शाळा-महाविद्यालयांतील बाके यांसाठी लागणारे लाकूड राज्यसंस्थेने कोठून, कोणाकडून आणि कोणत्या अटींवर मिळविले, यावर वनांचे व वनांलगतच्या लोकांचे भवितव्य बऱ्याच अंशी अवलंबून होते.

प्रस्तुत लेखात या खरेदीधोरणाचा मागोवा महाराष्ट्राच्या संदर्भात घेतला आहे. अशा धोरणाची कसोटी दोन प्रश्नांवर लागते. तोडलेल्या झाडाची जागा भरून निघेल काय, हा पहिला प्रश्न. ज्याचे ते झाड आहे त्याची संमती व योग्य मोबदला यांचे काय, हा दुसरा. मराठवाड्यासारख्या अल्प वनक्षेत्राच्या विभागाला हा विषय विशेष जवळचा आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसराची लाकूडकामाशी ओळख जुनी आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्यात लाकडी छताच्या फासळ्या पाषाणात कोरल्या आहेत, म्हणूनच लोक त्याला ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. पैठणच्या जुन्या वाड्यांतील कोरीव खांबही प्रसिद्ध आहेत. परंतु ज्या प्रदेशात वन थोडे, तेथे वनसंवर्धनाची जबाबदारी राखणदारीपेक्षा खरेदीच्या निर्णयातून अधिक पार पाडावी लागते.

आज्ञापत्रातील खरेदीविचार

रामचंद्रपंत अमात्य यांनी सुमारे १७१६ मध्ये लिहिलेल्या आज्ञापत्रातील आरमारविषयक प्रकरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यातील झाडांसंबंधीचा मजकूर अनेकदा शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून उद्धृत केला जातो. प्रत्यक्षात ग्रंथ त्यांच्या निधनानंतर साडेतीन दशकांनी सिद्ध झाला असून, शिवकालीन कारभाराच्या अनुभवातून तयार झालेली नीती त्यात शब्दबद्ध झाली आहे.

आरमारासाठी फळ्या, सोट व डोलकाठ्या लागतात. त्याकरिता राज्यातील अरण्यांतील सागवानादी वृक्ष परवानगीने तोडावेत आणि अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे, अशी तरतूद तेथे आहे. आंबा व फणस यांचे लाकूडही उपयोगी असले तरी त्यांना हात लावू नये, असे बजावले आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात आणि ती तोडल्यास तिच्या दुःखाला पारावार राहत नाही, असे कारण दिले आहे. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने ते न्यावे. बलात्कार करू नये, असा आदेश आहे. किल्ल्यांविषयीच्या भागात गडावर झाडे लावून ती जतन करण्याची सूचना असून, प्रसंगी त्यांचे लाकूड कामी येईल असा हेतू सांगितला आहे.

वर उल्लेखिलेल्या दोन्ही प्रश्नांची दखल या तरतुदींत घेतलेली दिसते. संवर्धनाचे कारण म्हणून झाडाच्या वाढीला लागणारा काळ आणि ते वाढविणाऱ्याचे दुःख ही दोन्ही एकत्र मांडणे हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य होय. आज्ञा प्रत्यक्षात कितपत पाळली गेली, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय ठरेल. मात्र सत्तेने स्वतःच्या गरजेला घातलेली मर्यादा म्हणून तिचे मोल कमी होत नाही.

वसाहतकाळ : उत्पादनाची शाश्वती, संमतीचा लोप

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ओकच्या लाकडाची टंचाई जाणवू लागली आणि ब्रिटिश आरमाराचे लक्ष पश्चिम किनाऱ्यावरील सागाकडे वळले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानी युद्धनौका बांधल्या गेल्या. १८१७ मध्ये तेथे तयार झालेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये जतन केलेली आहे. या पुरवठ्यासाठी कंपनी सरकारने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांना वनसंरक्षक नेमले आणि मलबारात सागावर सरकारी मक्तेदारी प्रस्थापित झाली. जमीनमालक व व्यापारी यांच्या असंतोषामुळे आणि थॉमस मन्रो यांच्या विरोधामुळे १८२३ मध्ये ते पदच रद्द करावे लागले. संमती डावलून केलेली खरेदी प्रशासकीयदृष्ट्याही टिकत नाही, हा धडा त्यात होता. पण तो घेतला गेला नाही.

मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नियुक्ती झाली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाल्यावर मागणीचे स्वरूपच पालटले, कारण एका मैलाच्या लोहमार्गाला सुमारे १,७०० ते २,००० स्लीपर लागत. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस यांच्या नेतृत्वाखाली वनखाते स्थापन झाले आणि पुनरुत्पादनाच्या हिशेबाने तोड ठरविणाऱ्या कार्ययोजनांची पद्धत रुजू लागली. पहिल्या प्रश्नाला यामुळे शास्त्रीय उत्तर मिळाले. परंतु १८७८ च्या वनकायद्याने राखीव वनांतील लोकांचे परंपरागत हक्क संकुचित केले. खरेदीदार, मालक आणि नियंत्रक या तिन्ही भूमिका शासनाकडेच एकवटल्याने संमती विचारायला समोर कोणी उरले नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये वनखात्यावर केलेली टीका याच अन्यायाकडे निर्देश करते. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींमुळे सरकारला वन आयोगही नेमावा लागला.

स्वातंत्र्योत्तर काळ : बंदीचा मार्ग आणि त्याची मर्यादा

महाराष्ट्रात १९७४ मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झाले. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने महसुलापेक्षा पर्यावरणीय समतोलाला अग्रक्रम दिला आणि वनाधारित उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांच्या सहकार्याने पिकवावा, अशी दिशा आखून दिली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या बांधकामांत लाकूड वापरण्यावर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने मंजूर कार्ययोजनेशिवाय वनांतील वृक्षतोडीस मज्जाव झाला.

या उपायांमागील हेतू निःसंशय स्तुत्य होता. तथापि, खरेदीच थांबविल्याने दोन्ही प्रश्न सुटले नाहीत, केवळ दृष्टिआड झाले. लाकडाची जागा पोलाद, ॲल्युमिनियम व प्लॅस्टिक यांनी घेतली. या वस्तूंच्या निर्मितीस मोठी ऊर्जा लागते आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. उर्वरित गरज आयातीतून भागविली जाऊ लागली. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घालीपर्यंत तेथील साग भारतीय बाजारात येत होता, म्हणजे तोडीचा भार काही अंशी शेजाऱ्याच्या वनांवर पडत होता. शिवाय शेताच्या बांधावर साग लावणाऱ्या शेतकऱ्याला सरकारसारखा ग्राहक मिळेनासा झाला. अखेर जुलै २०२० मध्ये ही बंदी उठविण्यात आली. त्यानंतर संसदेच्या नव्या इमारतीत नागपूरहून आणलेला साग वापरला गेला आणि २०२३ मध्ये बल्लारपूरहून साग अयोध्येच्या राममंदिरासाठी रवाना झाला.

प्रमाणीकरण : जुन्या प्रश्नांकडे पुनरागमन

जगात याच काळात वेगळा मार्ग पुढे आला. ब्रिटनने २००० मध्ये आपल्या केंद्रीय खात्यांसाठी कायदेशीर व शाश्वत लाकडाचे धोरण जाहीर केले आणि २००९ पासून ते अधिक बंधनकारक केले. आरंभी या धोरणाचा भर वनव्यवस्थापनावर होता. स्थानिक लोकांचे हक्क व कामगारांचे हित यांविषयीचे निकष नंतर समाविष्ट झाले. दुसरा प्रश्न तेथेही उशिराच विचारला गेला, ही बाब लक्षणीय आहे.

भारतात डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने भारतीय वन व काष्ठ प्रमाणीकरण योजना सुरू केली. ती ऐच्छिक असून वनांबरोबरच वनाबाहेरील वृक्ष आणि लाकडाचा उगमापासून ग्राहकापर्यंतचा प्रवास यांचाही तीत समावेश आहे. हक्काच्या बाजूने २००६ चा वनहक्क कायदा महत्त्वाचा ठरला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) ग्रामसभेला २०११ मध्ये आपल्या वनातील बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाने देण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा विक्रेता म्हणून समाज पुन्हा व्यवहारात आला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, आज्ञापत्राने एकत्र विचारलेले दोन प्रश्न वसाहतकाळात विलग झाले, बंदीच्या काळात टाळले गेले आणि आता प्रमाणीकरण व वनहक्क यांच्या रूपाने पुन्हा एकत्र येऊ पाहत आहेत. मात्र ऐच्छिक योजनेला बळ येते ते ग्राहकाच्या मागणीतून. शासकीय खरेदीत किमान दर हाच निर्णायक निकष राहिला, तर प्रमाणपत्र मिळविण्याचा खर्च सोसणारा शेतकरी किंवा ग्रामसभा स्पर्धेबाहेर फेकली जाण्याचा धोका आहे.

मराठवाड्यातील शासकीय कार्यालये, विद्यापीठ व महाविद्यालये बाके, टेबले, कपाटे यांची खरेदी करीत असतात. निविदेच्या अटींत लाकडाच्या उगमाचा पुरावा मागणे, वनाबाहेरील प्रमाणित वृक्षांच्या लाकडाला प्राधान्य देणे आणि विक्रेत्याला मोबदला वेळेवर पोहोचविणे या तीन बाबी खरेदी समितीच्या कक्षेत बसणाऱ्या आहेत. झाड वाढविणाऱ्याचा संतोष हा खरेदीचा निकष असू शकतो, हे तीन शतकांपूर्वी मराठीत लिहिले गेले आहे. त्याला आजच्या निविदेत स्थान मिळवून देणे हे आपल्या हाती आहे.