सायमन : हातात मावणारा संगणक आणि दूरध्वनी एकत्र आणणारा संच

आयबीएम या अमेरिकी कंपनीने विकसित केलेला 'सायमन पर्सनल कम्युनिकेटर' हा संच आजच्या स्मार्टफोनचा पूर्वज मानला जातो. बेलसाऊथ या दूरसंचार कंपनीने १६ ऑगस्ट १९९४ रोजी अमेरिकेत त्याची विक्री सुरू केली आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये ती थांबवली. या अवधीत सुमारे ५० हजार संच विकले गेले.

आयबीएमचे अभियंते फ्रँक कॅनोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला या संचाचा नमुना नोव्हेंबर १९९२ मध्ये लास वेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात मांडण्यात आला होता. त्या काळी छोटे संगणक आणि भ्रमणध्वनी यांच्या वाटा निराळ्या होत्या. १९९३ साली आलेल्या ॲपलच्या 'न्यूटन'वर टिपणे लिहिता येत, पण बोलता येत नसे. सायमनमध्ये क्रमांक फिरवण्याची बटणेच नव्हती. त्यांच्या जागी साडेचार इंचांचा एकरंगी स्पर्शपडदा होता. बोट किंवा लेखणी टेकवून दूरध्वनी लावणे, फॅक्स व ई-मेल पाठवणे, दैनंदिनी व पत्ते नोंदवणे ही सारी कामे त्यावर होत. टंकलेखन करताना पुढील संभाव्य अक्षरे सुचवण्याची सोयही त्यात होती, हे आज वाचताना आश्चर्य वाटते.

कल्पना काळाच्या पुढे होती, तंत्रज्ञान मात्र त्याच काळातले होते. संचाचे वजन ५१० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडे अधिकच. जेमतेम तासभर बोलले की बॅटरी संपे. अंतर्गत स्मृती अवघी १ मेगाबाइट होती. सॉफ्टवेअरमधील अडचणींमुळे मे १९९४ मध्ये ठरलेली विक्री आधीच लांबणीवर पडली होती. दोन वर्षांच्या करारासह किंमत ८९९ डॉलर, कराराविना १,०९९ डॉलर. पुढे ती ५९९ डॉलरपर्यंत उतरवूनही मागणी वाढली नाही; खिशात सहज मावणारे हलके फोन तोवर ग्राहकांना भुरळ घालू लागले होते.

भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्यात झाले. सायमनची विक्री तेव्हा बंद झालेली होती. दूरध्वनी आणि खिशातील संगणक यांची सांगड घालण्याचा प्रयत्न १९९६ साली फिनलंडच्या नोकिया कंपनीने '९००० कम्युनिकेटर'द्वारे पुढे नेला. त्यात मात्र स्पर्शपडद्याऐवजी बटणांचा पूर्ण कळफलक देण्यात आला होता.