तळटीप : वाचनापुरत्या प्रोग्राम-फायली आणि मोठी पाने

* संगणकाची स्मृती सहसा 4 केबीच्या पानांत विभागलेली असते. कोणते पान कुठे आहे याच्या अलीकडच्या नोंदी प्रोसेसर टीएलबी नावाच्या छोट्या तक्त्यात ठेवतो. तिथे नोंद सापडली नाही की पानतक्ते धुंडाळण्यात वेळ जातो. 40 एमबीच्या प्रोग्रामची अशी 10,240 पाने होतात, 2 एमबीची मोठी पाने घेतली तर फक्त 20. राहात्यातल्या शेतकऱ्याला हे लगेच उमगेल : गटागटाचा सातबारा वेगळा, पण गावातली एका खात्याची सगळी जमीन एकाच आठ-अ वर दिसते. लिनक्सच्या 5.4 आवृत्तीत (नोव्हेंबर 2019) डिस्कवरच्या साध्या प्रोग्राम-फायलींना ही सोय प्रायोगिक स्वरूपात मिळाली. ती वाचनापुरतीच का, हे मूळ मजकुरात राहून गेले आहे, आणि माझ्या मते खरा मुद्दा तोच. बदल झालेले मोठे पान डिस्कवर परत कसे लिहायचे, हे तेव्हा बहुतेक फाइल-प्रणालींना ठाऊकच नव्हते. म्हणून अशी फाइल कोणी लिहिण्यासाठी उघडली, की कर्नल तिची स्मृतीतली मोठी पाने सोडून देत असे. शिवाय फाइलीतली जागा आणि स्मृतीतला पत्ता, दोन्ही 2 एमबीच्या हद्दीवर जुळावे लागतात. नाहीतर मोठे पान बसतच नाही. — संपा.