तार की धागा? मोडलेल्या खांद्याच्या दुरुस्तीचा इतिहास

टहरौली हे बुंदेलखंडातील, झाशी जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. समजा, तेथील एक वृद्धा अंगणात घसरून पडली आणि तिचा खांदा मोडला. तिचा प्रश्न साधा असेल : आपली वेणी आपल्याला पुन्हा घालता येईल का? या प्रश्नामागे शल्यशास्त्राचा दीर्घ इतिहास उभा आहे.

सुश्रुतसंहितेत निखळलेला खांदा काखेत मुसळ देऊन बसवावा आणि स्वस्तिकबंधाने बांधावा, असे सांगितले आहे. जखम शिवण्यासाठी तागाचा धागा, स्नायू, केस अशी द्रव्येही तेथे येतात. मात्र धागा त्वचेसाठी होता. हाडाला बाहेरून आधार देणे एवढेच शक्य होते.

त्वचा उघडून हाड जोडणे म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. ही भीती जोसेफ लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीने कमी झाली. १८७७ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात त्यांनी गुडघ्याची मोडलेली वाटी चांदीच्या तारेने जोडली. धातू हाडात शिरला.

खांद्याचे कोडे अधिक अवघड होते. दंडाच्या हाडाचे वरचे टोक साधारणतः चार तुकड्यांत भंगते, हे बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ च्या ग्रंथात मांडले. १९७० मध्ये चार्ल्स नीर यांनी त्यावर वर्गीकरण उभारले : तुकडा एक सेंटिमीटरहून अधिक सरकला किंवा ४५ अंशांहून अधिक वळला, तरच तो विस्थापित मानावा. यांतील दोन तुकडे म्हणजे हात फिरवणाऱ्या कंडरा जेथे चिकटतात ते उंचवटे. स्नायू त्यांना सतत ओढत असतात. ते जागेवर सांधले नाहीत, तर कृत्रिम सांधा उत्तम बसूनही हात वर जात नाही.

हे उंचवटे बांधायचे कशाने? एकेरी पोलादी तार ताठ असते आणि वारंवार वाकून तुटते. येथे भौतिकशास्त्र मदतीला येते. तारेचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. तेवढ्याच छेदाच्या सात बारीक, परस्परांवर सरकणाऱ्या तारा घेतल्या, तर तो सुमारे एक सप्तमांश होतो. ओढ सहन करण्याची शक्ती मात्र तेवढीच राहते. हेच केबलचे तत्त्व. १९८३ मध्ये डॉल आणि माइल्स यांनी मांडीच्या हाडाचा उंचवटा बांधण्यासाठी केबलची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे केबल खांद्यातही आली.

दरम्यान धागाही बदलला. पॉलिएस्टरनंतर अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचे विणलेले, अत्यंत बळकट धागे आले. धागा कंडरेतून सहज ओवता येतो. पण गाठ सैल पडू शकते आणि ताण हळूहळू उतरतो. केबल यंत्राने मोजून ताणता येते, आणि प्रयोगशाळेतील काही चाचण्यांत तिने बांधलेले तुकडे कमी हलले. परंतु पोलादाचा ताठपणा सुमारे २०० गिगापास्कल, तर हाडाच्या कठीण कवचाचा त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. वार्धक्याने विरळ झालेल्या हाडात धातू सुरीसारखा रुतू शकतो. तुटलेल्या तारा भोवतालच्या ऊतींना बोचतात.

म्हणून ‘अधिक बळकट काय?’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. साखळी तुटते ती सर्वांत दुबळ्या कडीपाशी, आणि येथे ती कडी बहुधा तार किंवा धागा नसून स्वतः हाड असते. यंत्रावरचा आकडा महत्त्वाचा खराच. पण अंतिम मोजमाप एकच : टहरौलीच्या त्या वृद्धेचा हात वेणीपर्यंत पोहोचला का?