‘अ‍ॅमेथिस्ट’वरील सायमन : आरमारी इतिहासातील एक मांजर

इतिहासाच्या साधनांत मांजराची नोंद अपवादानेच आढळते. सायमन हा असाच एक अपवाद होय. १९४८ मध्ये हाँगकाँगहून ब्रिटिश युद्धनौका ‘अ‍ॅमेथिस्ट’वर आणलेला हा बोका २० एप्रिल १९४९ रोजी यांगत्से नदीत चिनी कम्युनिस्ट सैन्याच्या तोफमाऱ्यात जखमी झाला, कप्तान स्किनर यांना तर प्राणास मुकावे लागले. नौका जुलैअखेरपर्यंत नदीतच अडकून पडली. अन्नसाठा तुटपुंजा, त्यात उंदरांचा उपद्रव. अशा स्थितीत सायमनने केलेली शिकार कौतुकापेक्षा शिधारक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. चीनमधील ब्रिटिश आरमारी वर्चस्वाचा अस्त मात्र या पराक्रमकथेआड काहीसा झाकला गेला. प्राण्यांसाठीचे डिकिन पदक मिळालेले सायमन हे एकमेव मांजर. २८ नोव्हेंबर १९४९ रोजी, इंग्लंडमध्ये विलगीकरणात असतानाच, त्याचा मृत्यू झाला.